'हात तर नाही ना लावला?'

प्रश्न: रिकाम्या जिन्यात एका माणसाने माझ्यासमोर पॅन्टची चेन उघडली, मी नुसती उभीच राहिले, हातातली किल्ली घामाने ओली. घरी सांगितलं तर म्हणे 'वेडा असेल, हात तर नाही ना लावला?' मीच बाऊ करतेय का?

उत्तर: अजिबात नाही हो. आणि वेडा कसला, बाई एकटी आहे, कोणी येत नाहीये एवढं बघून चेन उघडणाऱ्याला चांगलंच भान असतं (वेडे बिचारे उगाच बदनाम). तुम्ही थिजलात ते शरीर आपोआप करतं, भीतीने आवाजच फुटत नाही, त्यात तुमची चूक काय? वेळ, जागा, त्याचे कपडे आठवतंय तोवर लिहून ठेवा, पोलिसांत द्यायचं ठरलं तर कामी येईल. घरच्यांना एकदा त्या जिन्यातून सोबत चला म्हणावं.