पार्किन्सन्समध्ये मेंदूत प्रोटीन साठतं म्हणे, मग वडिलांच्या जेवणातलं प्रोटीन बंद केलं तर पुढचा स्मृतिभ्रंश टळेल का?

नाही. आणि कृपा करून त्यांचं वरण बंद करू नका. आमच्या घरी हा प्रयोग होऊन गेलाय म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथे नुसता वाचणारा.

बाबांना 2010 ला पार्किन्सन्स निघाला. सात-आठ वर्षं बरी गेली, सिंडोपाच्या (पार्किन्सन्सवरची रोजची गोळी) वेळा स्वतःच पाळायचे. मग 2018 ची दिवाळी झाल्यावर एका रात्री ताटावर बसले आणि आईला म्हणाले, "आधी त्या पोरांना वाढ, कधीची बसलीत." दिवाणावर कोणीच नव्हतं. आई शहाणी, वाद घातला नाही, "त्यांची झालीत जेवणं" म्हणाली. आत्या म्हणाली पितर आलेत, पान ठेवा, तेही ठेवलं.

दादा पुण्यात, आम्ही सांगलीत. त्याने कुठेतरी तुमच्यासारखंच वाचलं की मेंदूत प्रोटीन साठतं, आणि फोनवरून फर्मान सुटलं: डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे सगळं बंद. मग काय, पेज, भात, टोमॅटोचं सार. अडीच महिन्यांत सहा किलो उतरले, नाडी कितीही आवळली तरी लेंगा कमरेवर राहीना. एका दुपारी बघतो तर स्वयंपाकघरात उभे, शेंगदाण्याच्या चटणीच्या बरणीत बोटं, हात थरथरून निम्मी चटणी बनियनवर, आणि मला बघून असे दचकले की मलाच लाज वाटली. हेडमास्तर होता हो माणूस.

अहो, ते प्रोटीन ताटातून जात नाही. त्याचं नाव अल्फा-सिन्युक्लिन, आपल्याच चेतापेशी ते बनवतात, तुमच्या-माझ्या डोक्यातही आत्ता आहे. या आजारात त्याची घडी बिघडते, मग एकाला एक चिकटून पेशीत गोळे होतात. लेवी नावाच्या डॉक्टरने 1912 मध्ये ते पाहिले म्हणून लेवी बॉडीज, पण ते कशाचे असतात हे कळायला 1997 उजाडलं. पुष्कळांत हा बिघाड मेंदूच्या देठाकडून वर सरकतो (म्हणून वास जाणं, झोपेत लाथा मारणं हे थरथरीच्या कित्येक वर्षं आधी), आणि वरच्या थरात पोचला की भास, विसर, साधा हिशेब न जमणं. भरीला बऱ्याच पेशंटमध्ये अमायलॉइड आणि टाऊ ही अल्झायमरवाली प्रोटीनं पण सापडतात. आमटी पोटातच पचून तिची अमिनो आम्लं होतात, ती काय मेंदूत जाऊन गोळा होऊन बसत नाही.

प्रोटीनचा संबंध आहे तो गोळीशी. सिंडोपातलं मुख्य औषध लेव्होडोपा, तेही अमिनो आम्लच, त्यामुळे आतड्यात आणि पुढे मेंदूत शिरताना दोघांची एकाच दारात रेटारेटी. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, आणि काहींना प्रोटीनचा मोठा वाटा रात्री खायला सांगतात. वेळ बदलायची, बंद नाही करायचं. आमच्या न्यूरोलॉजिस्टने हे दादासमोर सांगितलं, तरी गाडीत बसल्यावर हा म्हणतो, "डॉक्टर लोकांना आहारातलं काही कळत नाही."

त्याचं एक बरं असायचं, तो यायचा त्या दिवशी बाबा टकाटक, राजकारणावर गप्पा, की लगेच "बघ, डाएटचा फरक." हा गेला की संध्याकाळी पोरं परत दिवाणावर. असा चढ-उतार या आजारात असतोच, पण दोन दिवस येणाऱ्याला तो कसा दिसणार.

आम्हाला खरा उपयोग झाला तो पॅसिटेन डॉक्टरांनी हळूहळू काढली त्याचा, थरथरीवरच्या त्या गोळीने म्हाताऱ्या माणसाचं डोकं आणखी धूसर होतं. मग रिव्हास्टिग्मिन, हे स्मृतिभ्रंशावरचं औषध, रुपयात चार आणे फरक, पण पडला. गोंधळ एकदम वाढला तर आधी लघवीचं इन्फेक्शन बघा. आणि भासांवर कोणी हॅलोपेरिडॉल द्यायला लागलं तर पार्किन्सन्स आहे म्हणून ओरडून सांगा, आमच्याकडे एका दवाखान्यात ते टोचलं आणि बाबा चार दिवस लाकडासारखे पडून होते.

टळेल का, हे राहिलंच. स्मृतिभ्रंश नक्की टाळणारं औषध किंवा पथ्य अजून तरी नाही. सिडनीत 136 पेशंटवर वीस वर्षं लक्ष ठेवलं, शेवटी जे 30 तपासता आले त्यातल्या 83 टक्क्यांना तो झाला होता. तरी प्रत्येकाला होतोच असं नाही, वडिलांचं वय आणि आजाराला किती वर्षं झाली तेही तुम्ही लिहिलेलं नाही. गोळ्या मात्र मनाने कमी-जास्त करू नका, सिंडोपा अचानक तर अजिबात बंद करू नका.

हां, किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचं गणित वेगळं, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या. आमच्या बाबांना तो नव्हता. दादालाही नाही, तो रोज सकाळी दोन अंडी खातो.