दरूद : लिहिताना, नमाजमध्ये, सभेत

प्रश्न : माझा छापखाना आहे. रबीउल अव्वल महिना आला की मिलादची (पैगंबरांच्या जन्मदिनाची) मराठी पत्रकं येतात. पैगंबरांच्या नावापुढे कुणी ‘सल्ल.’ लिहून देतं, कुणी नुसतं ‘स.’. काय ठेवू? (महाल)

उत्तर : पूर्ण छापा, ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’. हा दरूद, म्हणजे पैगंबरांसाठी कृपा आणि शांतीची दुआ. कुराणातल्या सूरे अहजाबच्या ५६व्या आयतीत सलात (कृपेची दुआ) आणि सलाम (शांतीची) दोन्ही पाठवायला सांगितलंय, ‘स.’मध्ये दोन्ही गळतात. नाव कितीदाही येवो, दरूद लिहायचा कंटाळा करू नये, असं हदीसशास्त्राचे (पैगंबरांच्या वचनांच्या अभ्यासाचे) जाणकार इब्न सलाह यांनी बजावलंय. जागा पुरत नसेल तर स्वागतोत्सुकांची यादी कापा! किंवा दुसऱ्या वाक्यापासून ‘त्यांनी’वर भागवा. हजरत ईसा, मूसा यांच्यापुढे ‘अलैहिस्सलाम’, सहाबींपुढे (पैगंबरांच्या सोबत्यांपुढे) ‘रजियल्लाहु अन्हु’. हजरत आयेशांपुढे मात्र ‘अन्हा’, हे स्त्रीलिंगी रूप. प्रूफात हे नेमकं निसटतं. वाया गेलेले ताव रद्दीत घालू नका, पुडे बांधायला जातात. स्वच्छ जागी पुरा.

प्रश्न : जोहरच्या (दुपारच्या नमाजच्या) चार फर्ज म्हणजे अनिवार्य रकातींमध्ये (रकात म्हणजे नमाजचं एक आवर्तन) दुसऱ्या रकातीलाच अत्तहियातनंतर (बसून पढायच्या प्रार्थनेनंतर) दरूद सुरू झाला. नमाज पुन्हा पढायची का? (मोमिनपुरा)

उत्तर : नाही. हनफी पद्धतीत (सुन्नींच्या एका धर्मशास्त्रीय परंपरेत) पहिल्या बैठकीत अत्तहियात संपली की उठायचं. ‘अल्लाहुम्मा सल्लि अला मुहम्मद’ इथवर पढून झालं, तर तिसऱ्या रकातीला उशीर झाला. दोष त्या उशिराचा, दरूदचा नव्हे. ध्यानात येताच उठा. शेवटच्या बैठकीत अत्तहियातनंतर उजवीकडे मान वळवून एक सलाम, चुकीच्या भरपाईचे दोन सजदे (कपाळ टेकणं), पुन्हा अत्तहियात, मग दरूदे इब्राहिमी (नमाजमधला दरूद), दुआ आणि दोन्हीकडे सलाम. इमामामागे असाल तर हे भरपाईचे सजदे नकोत. असरच्या (तिसऱ्या प्रहरच्या नमाजच्या) आधीच्या चार सुन्नत (ऐच्छिक) रकातींत मात्र पहिल्या बैठकीतही दरूद पढतात. घोळ बहुधा तिथूनच होतो.

प्रश्न : सभेत वक्ते वीसदा नाव घेतात. दरवेळी दरूद म्हणायचा? वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) हवी का? (ताजबाग)

उत्तर : त्या बैठकीत पहिल्यांदा नाव ऐकलं की म्हणणं वाजिब (आवश्यक), पुढे दरवेळी मुस्तहब (केलं तर पुण्य). हनफी उलेमांत यावर मतभेद आहेत, पण बहुतेकांचा कौल हाच. म्हणाल तेव्हा ‘सल्लालेसलम’ असं गिळू नका. त्यापेक्षा कमी वेळा, पण स्पष्ट म्हणा. वजू असली तर उत्तम, अट नाही. पाळीतही बायका दरूद पढू शकतात. जुम्याच्या (शुक्रवारच्या) खुतब्यात म्हणजे प्रवचनात नाव आलं तर जीभ न हलवता, मनातल्या मनात.