'वेअरी' म्हणजे घाबरट नव्हे

मित्रा, इंग्रजी 'वेअरी'चा (wary) अर्थ तू 'घाबरलेला' असा लिहिलास, तिथेच गडबड झाली. घाबरलेला पळतो; वेअरी माणूस जागेवरच असतो, पण अंग चोरून. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात ना, ते फुंकणं म्हणजे वेअरी. गल्लीतलं कुत्रं आठव: बिस्किट पुढे केलं की मान लांब करतं, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत. 'सावध' चालेल, पण मला 'बिचकून' जास्त जवळचा वाटतो.

पुढे 'ऑफ' (of) लाव: 'शी इज वेअरी ऑफ स्ट्रेंजर्स', म्हणजे अनोळखी माणसांपासून ती जरा जपूनच असते. आपल्या 'पासून'मुळे हात 'फ्रॉम'कडे जातो, तो आवर.

खरा घोळ 'विअरी'चा (weary). त्यात डब्ल्यूनंतर एक 'ई' जास्त, आणि अर्थ थेट 'थकलेला'. त्यालाही 'ऑफ'च लागतं, म्हणून चूक पटकन दिसत नाही. मी एकदा 'कर्जाबाबत सावध आहे' लिहायला गेलो आणि 'कर्जाला कंटाळलोय' लिहून बसलो!

'बिवेअर' आणि 'अवेअर' याच घराण्यातले. फक्त 'बिवेअर'चा भूतकाळ करू नकोस. आजच्या इंग्रजीत 'बिवेअर्ड' लिहीत नाहीत. तिथे 'वॉज वेअरी' लिही.