नवी बॅटरी असूनही दोन-तीन दिवस उभी राहिलेली कार सुरू का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की बॅटरी चार महिन्यांपूर्वीच बदलली. रोज गाडी चालवली तर काही त्रास नाही, पण दोन-तीन दिवस पार्किंगमध्ये राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होतं, आणि गॅरेजवाला पुन्हा बॅटरीच बदला म्हणतोय. कृपा करून लगेच पैसे घालू नका. मी तेच केलं होतं. दीड वर्षात दोन बॅटऱ्या घेतल्या, आणि तरीही एका पहाटे वडिलांना डायलिसिसला न्यायचं होतं तेव्हा गाडी जागची हलली नाही. शेजाऱ्यांनी धक्का मारला म्हणून वेळेवर पोचलो. वीज जाते कुठे, हे मग मी स्वतःच शोधलं.

आधी दोष बॅटरीचा की गाडीचा हे ठरवा. बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या, दोन-तीन तास तशीच राहू द्या आणि साध्या मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. आता निगेटिव्ह केबल काढून ठेवा (बहुतेक गाड्यांना १० चा पाना लागतो) आणि सकाळी पुन्हा मोजा. केबल काढलेली असूनही आकडा १२.२ च्या खाली आला, तर बॅटरीच आतून खराब आहे, वॉरंटीत परत करा. जवळजवळ तेवढाच राहिला, तर बॅटरी बहुधा निर्दोष आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात का तेही बघा. मिळत नसतील तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) नीट चार्ज करत नाहीये, मग बाकीचं शोधायची गरजच नाही.

हे दोन्ही ठीक असेल, तर उभ्या गाडीत काहीतरी वीज खातंय. थोडी वीज सगळ्याच गाड्या खातात. घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनचा कंट्रोलर यांना मिळून २० ते ५० मिलिअँपिअर लागतात. ३० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-तासापेक्षाही कमी, त्यामुळे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात. माझ्या गाडीत ३८० मिलिअँपिअर जात होते. दिवसाला नऊ अँपिअर-तास! दोन दिवसांत बॅटरी अर्ध्याखाली. तुमचे दोन-तीन दिवस याच हिशोबात बसतात.

मोजायचं असं: मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर निगेटिव्ह टर्मिनल व सुटी केलेली निगेटिव्ह केबल यांच्या मधोमध जोडा. मीटर लागलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाइटही लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. विसरून तशीच व्होल्टेज मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होतो.

इथे बहुतेकजण घाई करतात. बोनेट उघडं, दार उघडं, आणि मीटरवर दोन-तीन अँपिअर दिसले की घाबरतात. गाडीला झोपायला वेळ द्यावा लागतो, कमीत कमी अर्धा तास. दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते बंद वाटेल आणि फ्यूज बॉक्सपर्यंत तुमचा हात पोचेल. चावी खिशात ठेवा, आणि बटण-स्टार्टची गाडी असेल तर घरातच ठेवून या. आकडा खाली येऊन स्थिर झाला, की तोच खरा.

तो ५० मिलिअँपिअरपेक्षा (मीटरवर ०.०५) बराच जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढत जा आणि मीटरकडे बघत राहा. मी बोनेटखालचे सगळे काढून पाहिले, आकडा हलेना. डॅशबोर्डखालचा रेडिओचा फ्यूज काढला आणि ०.३८ वरून थेट ०.०२ वर आला. त्या क्षणाचा आनंद मला अजून आठवतो. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओची पिवळी वायर मेमरीसाठी कायम चालू लागते, लाल वायर मात्र चावी फिरवल्यावरच चालू व्हायला हवी. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून टेप लावली होती. स्क्रीन काळी दिसायची, पण आतला स्टिरिओ रात्रभर जागाच. लाल वायर चावीच्या सप्लायवर नेली आणि प्रश्न संपला.

म्हणून आधी स्वतःला विचारा: कंपनीतून आल्यावर गाडीत काय काय बसवलं? स्टिरिओ, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अलार्म, ॲम्प्लिफायर. सुरुवात तिथूनच करा. डिकीचा आणि ग्लोव्ह बॉक्सचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवून बघता येतं. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही, तर अल्टरनेटरमधला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असण्याची शक्यता मोठी. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या, तिथली जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांनाही हात लावू नका.

दुरुस्तीनंतर बॅटरी चार्जरवर तीन-चार अँपिअरने रात्रभर चार्ज करा. पुन्हापुन्हा पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट चढतं, आणि ऑफिसपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत ती कधीच पूर्ण भरत नाही. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी दिसली तर केबल काढून खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, कोरडं करा आणि वर व्हॅसलिन लावा.

अर्ध्या तासानंतरचा आकडा किती आला आणि बाहेरून काय बसवलंय, ते इथेच खाली लिहा. त्यावरून पुढचा फ्यूज कोणता काढायचा ते सांगतो.