छोट्या आउटबोर्ड बोटीचं नाक वेगात आपटतं, बोट डोलते. पुढे वाळूची पोती ठेवावीत का?

वाळूच्या पोत्यांचा सल्ला तुम्हाला ज्यांनी दिला, त्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्या घरातही असेच एक सल्लागार आहेत. नात्याने दाजी, त्यामुळे तोंडावर फार बोलता येत नाही. इथे बोलतो.

तुमच्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं. १४ फुटी फायबरची बोट, मागे ४० एचपीचं इंजिन. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास नाक एका तालात वर-खाली आपटायला लागतं आणि त्यापुढे थ्रॉटल दिला की बोट या अंगावरून त्या अंगावर डोलते. ही दोन वेगळी दुखणी आहेत. नाकाच्या आपटण्याला पोरपॉइजिंग म्हणतात, अंगावरून डोलण्याला चाइन वॉकिंग. एकाच गोळीने दोन्ही बरी होणार नाहीत.

पहिल्यावरचा फुकटचा इलाज म्हणजे इंजिनचा ट्रिम, म्हणजे त्याचा कल, आत घ्या. पॉवर ट्रिम असेल तर बटण आहेच. नसेल तर ब्रॅकेटमधली पिन काढून ट्रान्समच्या (इंजिन टांगतो त्या बोटीच्या मागच्या भिंतीच्या) बाजूला एक भोक आत लावा. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) जोराने मागची बाजू उचलली जाते, नाक खाली बसतं. तेवढ्याने आपटणं थांबलं आणि बोट नीट पळाली तर पुढचं वाचायची गरज नाही. पण ट्रिम पूर्ण आत घेऊनही उड्या चालूच असतील तर दोष इंजिनात शोधू नका, बोट उलटी करून तळ बघा. हे मी का सांगतोय ते ऐका.

दाजींची नाशिकजवळ गिरणाऱ्याला द्राक्षबाग आहे, गंगापूर धरणाचं पाणी तिथून हाकेच्या अंतरावर. कोकणातून त्यांनी एक जुनी बोट घेतली, तुमच्याच मापाची. तळाला चीर होती, ती तिकडच्याच एका कारागिराने भरून दिली. रंग असा चकाचक की दाजी येईल त्याला हात फिरवून बघायला लावायचे. बोट कसारा घाट चढून आली, पाण्यात पडली आणि पहिल्याच धावेत घोड्यावर बसवल्यागत सगळ्यांना हादरवलं. मी इंजिनं दुरुस्त करतो. मुकणे, दारणा, वैतरणा या धरणांच्या बाजूच्या मासेमारीवाल्यांची बरीच कामं माझ्याकडे येतात. म्हणून मला बोलावलं, पण मी पोहोचेपर्यंत दाजींनी युरियाच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून नाकात दोन गोण्या रचल्या होत्या. आपटणं थांबलं होतं, आणि दाजी जिंकले होते.

आता हे पोत्याचं प्रकरण समजून घ्या. वजन पुढे गेलं की पोरपॉइजिंग कमी होतं हे खरंच आहे. पण मे-जूनमध्ये दुपारनंतर बॅकवॉटरवर पश्चिमेचा वारा सुटतो, लाटा पाठीमागून येतात. अशा लाटेवरून उतरताना जड नाक समोरच्या पाण्यात घुसतं, तिथेच रुततं, आणि मागची बाजू वाट मिळेल तिकडे फिरते. दाजींचं नेमकं तेच झालं. सरळ चाललेली बोट एकदम आडवी झाली, भाचा सीटवरून खाली, दाजींचा फोन धरणाच्या तळाशी. त्यावर त्यांचं म्हणणं काय, तर गोण्या दोनऐवजी दीड हव्या होत्या.

मग त्यांना न विचारता बोट शेडमध्ये उलटी केली, जुन्या टायरांवर. खिडक्यांच्या दुकानातून अॅल्युमिनियमचा सहा फुटी चौकोनी पाइप आणला. पाइप सरळ असतो, गवंड्याच्या लाकडी पट्टीवर विश्वास ठेवू नका. तो तळावर लांबीच्या दिशेने, कीलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) एका बाजूला टेकवून धरला, मागचं टोक ट्रान्समच्या कडेपर्यंत, आणि पलीकडून भाच्याला बॅटरी मारायला सांगितलं. पुढे उजेड कुठेच दिसेना. शेवटच्या दीड फुटात मात्र प्रकाशाची रेघ उमटली आणि मागे जाता जाता रुंद होत गेली. कडेशी काडेपेटीतली काडी त्या फटीतून सहज आरपार. म्हणजे तळ मागे जाऊन उचललेला होता. मग मागच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुठेच टोचलं नाही. चीर भरताना त्या भल्या माणसाने कड घासून सफाईदार गोल करून ठेवली होती.

तिथे टोचायलाच हवं. तळाखालचं पाणी ट्रान्समपाशी आलं की त्याने तिथून कापल्यासारखं सुटून जायला हवं. किटलीची तोटी बोथट असली की चहा कपात पडण्याऐवजी तोटीखालून ओघळतो ना, तेच. गोल कडेला पाणी चिकटतं, वळतं, आणि मागचा भाग खाली खेचतं. मागचं खाली म्हणजे नाक वर. नाक फार वर गेलं की तळाचा आधार सुटून ते पडतं, पुन्हा वर जातं. ताल तिथून येतो.

काम फार मोठं नव्हतं. रंग खरवडून फायबर उघडं केलं, घासून खडबडीत केलं. लॅमिनेटच्या गुळगुळीत पट्टीला मेण लावून ती ट्रान्समला क्लॅम्पने अशी आवळली की तिची धार तळाच्या वर थोडी राहील. त्या पट्टीच्या आधाराने मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) आणि रेझिनचे थर भरले, वाळल्यावर पाइप ठेवून ठेवून घासलं. शेवटी कड काटकोनात आणली, हात कापेल अशी. उलटा दोषही असतो, तळ मागे खाली झुकलेला, त्याला हूक म्हणतात. त्याने नाक दाबून राहतं आणि वेग मरतो. ट्रेलरवर बोटीचा मागचा भाग आधाराबाहेर लोंबत राहिला तर तो येतो. तुमचा ट्रेलर एकदा बघा.

गोण्या काढून बोट पाण्यात घातली. त्याच पिनवर, त्याच पंख्यावर एकही उडी नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण दाजी आजही लग्नाकार्यात सांगतात की 'पंखा बदलल्यामुळे बोट सुधारली'. पंखा त्यानंतर बदलला. बिलावर तारीख आहे.

पंख्याची गरज का पडली तेही नाशिककरांच्या कामाचं आहे. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहोत. साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर ३०० मीटरला अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं. किनाऱ्यावर जुळवलेला पंखा इथे जड पडतो, फुल थ्रॉटलला इंजिन पुस्तिकेत दिलेल्या आरपीएमपर्यंत चढतच नाही. पिच (पंखा एका फेरीत किती पुढे सरकेल ते माप) एक इंचाने कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. तुमची बोट खालून आली असेल तर टॅकोमीटर लावून आधी हे तपासा.

इंजिनची उंची : पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत, किंवा फार तर इंचभर वर. खाली असेल तर फवारे उडतात, ओढ वाढते. फार वर असेल तर वळणावर पंखा हवा खातो, आरपीएम चढतात आणि बोट जागीच. त्या प्लेटला लावायचे प्लास्टिकचे पंख दुकानदार हमखास गळ्यात मारेल. मला ते आवडत नाहीत. तळ वाकडा ठेवून वर पंख लावणं ही पोत्यांचीच सुधारित आवृत्ती.

डोलण्याबद्दल थोडक्यात. बोट बंद असताना स्टीअरिंग कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि इंजिन हाताने डावीकडे-उजवीकडे हलवा. खडखड वाजलं तर केबल, जोड आणि माउंटचे रबर आधी बघा. इंजिन ट्रान्समच्या बरोब्बर मध्यावर आहे का ते टेप लावून मोजा. माणसं एका बाजूला बसवू नका. एवढं करूनही डोलली तर ट्रिम थोडा आत, थ्रॉटल थोडा कमी. थ्रॉटल एकदम सोडू नका. स्टीअरिंग एकाच बाजूला ओढत असेल तर पंख्याच्या वरचा छोटा टॅब सैल करून त्याचं मागचं टोक ज्या बाजूला बोट ओढते त्याच बाजूला किंचित वळवा.

दाजींना न्याय द्यायचा तर एवढाच : वजनाची जागा महत्त्वाची आहे, पण बोटीत आधीच असलेल्या वजनाची. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी ट्रान्समला खेटून असतील तर मध्यावर आणा, पट्ट्याने बांधा. वाळू हा बोटीचा भाग नाही.

आधी लिहायला हवं होतं ते आता लिहितो. चाचणी घेताना लाइफ जॅकेट अंगावर आणि किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला. जूनमध्ये धरण उतरलं की खडक आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली लपलेले असतात, तेव्हा वेग तपासायला जाऊ नका. गंगापूरचं पाणी शहर पितं, म्हणून पेट्रोल पाण्यावर भरायचं नाही, काठावर भरायचं. जलसंपदा खात्याची परवानगी आणि बोटीची नोंदणी हा वेगळा विषय आहे, पण त्याशिवाय पाण्यात घालू नका.

फायबरच्या कामाला कोकणात जायची गरज नाही. अंबड-सातपूरला फायबरच्या टाक्या करणारे आहेत, त्यांना मॅट-रेझिन हातचं काम. फक्त समोर उभे राहून करून घ्या, आणि 'साहेब, कड जरा गोल केली तर दिसायला छान दिसेल' असं कोणी म्हणालं तर बोट तिथून उचला.