सीओपीडीत लोहाची गोळी घ्यावी की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील 64 वर्षांचे, राजापूर तालुक्यातले, पूर्वी चिरेखाणीवर कामाला, विडी बरीच वर्षं, आता सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार). हिमोग्लोबिन 15.1 असूनही डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली. सीरम आयर्न (रक्तातलं लोह) 41, टीआयबीसी (रक्त एकूण किती लोह वाहू शकतं ते) 360, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) 64, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) 76. घरचे म्हणतात, रक्त भरपूर आहे, वर लोह दिलं तर ते फुफ्फुसात साचून नुकसान करेल.

गोळी बंद करू नका. पण घरच्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

विडीच्या आणि चुलीच्या धुराचे कण फुफ्फुसातल्या भक्षक पेशी गिळतात आणि त्या पेशींत लोह साठत जातं. सुटं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संपर्कात आलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, ते आजूबाजूच्या पेशींची नासधूस करतात. आयआरईबी2 हे लोहाचा हिशेब ठेवणारं जनुक सीओपीडीशी जोडलेलं आढळलं आहे. 2016 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात डेफेरिप्रोन या लोह काढून टाकणाऱ्या औषधाने धुराचं नुकसान कमी झालं. माणसांच्या सीओपीडीवर ते औषध देत नाहीत, आणि त्याने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

मग गोळी का? कारण फुफ्फुसात लोह अडकलेलं असताना रक्तात त्याची चणचण असू शकते. जुनाट दाहात यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त सोडतं. ते भक्षक पेशींतलं लोह बाहेर येऊ देत नाही आणि आतड्यातून शोषणही रोखतं. गोळीतलं लोह रक्तातून हाडांतल्या मज्जेकडे (तिथे रक्तपेशी बनतात) आणि स्नायूंकडे जातं. फुफ्फुसातला साठा मुख्यतः धुरामुळे आणि दाहामुळे होतो, त्यामुळे तो रोखायचा तर विडी आणि धूर बंद व्हायला हवा. चिऱ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असला तरी ती धूळ छातीत जाऊन रक्ताला काही मिळत नाही.

आता रिपोर्ट. 41 भागिले 360, गुणिले शंभर: साधारण 11 टक्के. हे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे लोह वाहण्याच्या क्षमतेपैकी किती वापरात आहे ते, आणि ते 20 च्या खाली म्हणजे कमतरता. फेरिटिन 64 ला लॅब 'नॉर्मल' छापते, पण फेरिटिन दाहात आपोआप वाढतं. म्हणून जुनाट आजारात 100 च्या खालचा आकडाही कमीच धरतात. सीओपीडीचा जोर असताना, ताप असताना काढलेलं फेरिटिन तर जवळजवळ निरुपयोगी. त्यातून उठल्यावर महिनाभराने, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या चाचणीसोबत काढावं. हिमोग्लोबिन 15.1 दिसतं ते ऑक्सिजन कमी पडल्याने शरीर तांबड्या पेशी वाढवतं म्हणून. असा माणूस आतून लोहाने रिकामा असला तरी कागदावर ठणठणीत दिसतो. उलट हिमोग्लोबिन 17-18 च्या पुढे असेल तर लोहाने रक्त आणखी घट्ट होऊ शकतं, तिथे डॉक्टरांशी बोलूनच. एमसीव्ही 76 म्हणजे पेशी लहान आहेत, तेव्हा एकदा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी चाचणी) करून घ्या, थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक दोष असेल तर कळेल.

गोळीच्या पाकिटावर 'एलिमेंटल' (म्हणजे प्रत्यक्ष) लोह किती ते पाहा. 60 ते 100 मिग्रॅ पुरे. दिवसातून एकच, किंवा डॉक्टर म्हणतील तर एक दिवसाआड. एका गोळीनंतर हेप्सिडिन जवळजवळ दिवसभर चढलेलं राहतं, त्याच दिवशीची दुसरी गोळी फारशी शोषली जात नाही, पोट मात्र बिघडवते. सकाळी उपाशी पोटी, लिंबूपाण्यासोबत. चहा तासा-दीड तासाने. (इथे बहुतेकांचं बिनसतं. गोळी आणि चहा एकाच घोटात.) पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) रोज चालू असेल तर शोषण घटतं, ती खरोखर लागते का ते विचारा. शौच काळं होतं, घाबरू नका.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: छातीत संसर्ग झाला की डॉक्सिसायक्लिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन देतात. लोह पोटात त्यांना बांधून टाकतं आणि अँटिबायोटिक वाया जातं, मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून कोर्स बदलला जातो. मी तर म्हणेन, त्या पाच-सात दिवसांत लोह सरळ बंद ठेवा. तसंही दाहात ते शोषलं जात नाही.

दोन-तीन महिन्यांनी सॅच्युरेशन पुन्हा पाहा, आदल्या दिवशी गोळी न घेता. आकडा हलला नाही तर शिरेतून लोह देतात. लहान चाचण्यांत त्याने चालण्याची क्षमता थोडी सुधारली, ऑक्सिजन नाही. त्यातलं फेरिक कार्बोक्सिमाल्टोज दिलं तर नंतर रक्तातलं फॉस्फेट तपासा; ते उतरलं तर स्नायू थकतात, श्वासाचेही. संसर्ग चालू असताना शिरेतून लोह नको.

खाण्यात तिसऱ्या, कालवं, बांगडा उपयोगी. कुळीथ-नाचणीत लोह आहे पण फायटेट या लोह बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे कमी मिळतं. नाचणीची आंबील केली तर फायटेट घटतं.

शेवटी, 64 वर्षांच्या पुरुषाचं लोह कुठेतरी गळतंय का हे शोधल्याशिवाय नुसती गोळी देत बसू नका. अ‍ॅस्पिरिन, दुखण्याच्या गोळ्या, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि आतड्याचा कर्करोगही असाच उघड होतो. शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून पाहणी करावी लागेल. वाडीत अनवाणी फिरायची सवय असेल तर हुकवर्मसाठीही (आतड्यात रक्त शोषणारे जंत) शौच तपासून घ्या. सापडलं तर अल्बेंडाझोल 400 मिग्रॅ, आणि पायांत चप्पल. थुंकीतून रक्त पडत असेल तर आधी टीबीची तपासणी.