घरबसल्या बी.एड.? वाणिज्यवाल्यांनी आधी एम.कॉम.कडे बघा

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: बी.कॉम. झालंय, नाशिकच्या अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघता, मुलगी लहान आहे, आणि नोकरी न सोडता ऑनलाइन बी.एड. करून शिक्षिका व्हायचंय. एका एजंटाने परराज्यातलं 'नॉन-अटेंडिंग' बी.एड. सुचवलंय, फक्त परीक्षेपुरतं जायचं.

एजंटाला आधी नाही म्हणा. एनसीटीई, म्हणजे शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद, हिच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचं आहे. तासांना ८० टक्के हजेरी लागते, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के, आणि ती इंटर्नशिप २० आठवड्यांची. 'नॉन-अटेंडिंग' म्हणजे ही सगळी हजेरी कोणीतरी खोटी मांडणार. गुणपत्रिका खरी दिसेलही, पण त्याच दोन वर्षांत तुमचा पीएफ अंबडमध्ये कापला जात होता, हे कोणीही पडताळू शकतं. आमच्याकडे शिक्षकभरतीच्या मुलाखतींना मी बसते. अशा उमेदवाराला "इंटर्नशिप कुठल्या शाळेत केली, कुठला धडा घेतला?" एवढं विचारलं तरी पुरतं.

निव्वळ मोबाइलवर होणारं बी.एड. त्या नियमांत नाहीच. दूरशिक्षणाचं आहे, आणि आपल्या गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, म्हणून नाशकात सगळ्यांना वाटतं की तिथे फॉर्म भरला की झालं. पण दूरशिक्षणाचं बी.एड. सेवेतल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा डी.एड.सारखा एखादा शिक्षणक्रम नियमित पद्धतीने केलेल्यांसाठी आहे. इग्नूला, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यापीठालाही हीच चौकट लागू. तुम्ही यातल्या कशातच बसत नाही.

आता खरा मुद्दा, जो एजंट सांगणार नाही. तुमची पदवी वाणिज्यची. दहावीपर्यंतच्या शाळेत भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. बुक-कीपिंग कुठे आहे? नुसतं बी.कॉम.–बी.एड. घेऊन शाळांचे उंबरे झिजवणाऱ्या मुली मी दरवर्षी बघते. वाणिज्यवाल्यांची जागा अकरावी-बारावीला, आणि तिथे एम.कॉम. अधिक बी.एड. लागतं. मग दूरशिक्षण वापरायचं ते एम.कॉम.साठी! यूजीसीची मान्यता असलेली मुक्त किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, फक्त प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तो अभ्यासक्रम आहे ना, ते स्वतः बघा. हे मात्र नोकरी सांभाळून आरामात होतं.

बी.एड. नियमितच करा, सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन. पदवीला ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४५. दोन वर्षं नोकरी सोडावी लागेल, त्याला पळवाट नाही. मात्र २०२२ पासून यूजीसीने एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली आहे. म्हणजे एम.कॉम.चं पहिलं वर्ष नोकरीत काढा, दुसरं बी.एड.सोबत, पण बी.एड.चं विद्यापीठ हे चालवून घेतं का ते आधी विचारा. घरखर्चाचं गणित आधी मांडा, सासूबाई किंवा आई मुलीला सांभाळतील का तेही विचारा.

पहिली ते पाचवीचा विचार असेल तर सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं की त्या वर्गांना बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.च (पूर्वीचं डी.एड.) हवं. आठवीपर्यंत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही लागते. अकरावी-बारावीला ती कटकट नाही, पण अनुदानित जागा हवी असेल तर पवित्र पोर्टल, म्हणजे सरकारचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ, आणि २०० गुणांची अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट. (टीईटी वेगळी, टेट वेगळी, फॉर्म भरताना गल्लत करणारे पुष्कळ.)

पगाराचं स्पष्ट सांगते. अनुदानित जागेवर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरचा शिक्षक. २०२३ पासून उच्च माध्यमिकला मानधन महिना २०,००० रुपये. त्यानंतर वेतनश्रेणी. तुमचा आजचा पगार कदाचित याहून जास्त असेल. विनाअनुदानित ठिकाणी किती मिळेल ते संस्थेवर. तासिका तत्त्वावर तर त्याहून कमी. आणि कायम करण्यासाठी कोणी 'देणगी' मागितली तर उठून या.

तोवर शिकवण्याची आवड खरी आहे का, हे तपासायचं असेल तर सिडकोत बारावी कॉमर्सच्या मुलांना रविवारी अकाउंट्स शिकवून बघा. एजंटाला पैसे दिले आहेत का, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. दिले असतील तर पावती आहे का ते कळवा, पुढचं त्यावर बोलू.